काळ्याची तपकिरी झालेली डायल घ्यावी की कारखान्यातून आलेली पिरोजी?

रंगारी_मनगट:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज प्रश्न घेऊन आलो.

मला घड्याळांत वेड आहे ते डायलच्या रंगाचं. आत मशीन कुठलं, एकदा चावी दिली की किती तास चालतं, याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही (शिव्या घालायच्या तर घाला). काळं, पांढरं, नेव्ही ब्लू मी घेतच नाही. आत्ता जवळ आहेत त्यांत एक सॅमन (गुलाबीसर केशरी), एक बाटलीसारखं हिरवं आणि एक नारिंगी डॉक्सा. तिन्ही घालतो. कपाटात ठेवून बघत बसणाऱ्यांतला मी नाही.

आता जरा ताणून एक मोठी खरेदी करायची म्हणतोय. समोर दोन पर्याय आहेत.

एक, रोलेक्स ऑइस्टर पर्पेच्युअल (ओपी) ४१, म्हणजे ४१ मिलिमीटरची, पिरोजी डायल, बॉक्स-कार्डासकट. यादीतल्या किमतीच्या बरंच वर, ते माहीत आहे.

दोन, रोलेक्सचंच पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, सबमरिनर ५५१३, विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे १९६५ च्या आसपासची. सोनेरी अक्षरांची गिल्ट डायल, मुळात काळी, आता तपकिरी झालेली. तो तिला 'ट्रॉपिकल' म्हणतो आणि दर दुसऱ्या वाक्यात 'इतकी एकसारखी पुन्हा मिळायची नाही' म्हणतो. फोटोत रंग अप्रतिम दिसतोय, पण सगळे फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेले. उन्हातला एक मागितला तर म्हणाला, पाठवतो. अजून पाठवतोच आहे.

दोन्ही परवडणार नाहीत. खरं दुर्मिळ कोणतं? आणि तो तपकिरी रंग वयानेच आलाय, कुणी आणलेला नाही, हे मी कसं ओळखायचं?

---

निळी_शाई:

पिरोजी ओपी ४१ माझ्याकडे आहे, दुकानातून यादीच्या किमतीत मिळालेली, म्हणून तेवढ्यापुरतं बोलते. सबमरिनरबद्दल भिंगवाले काका सांगतीलच, ते आल्याशिवाय राहायचे नाहीत.

सप्टेंबर २०२० मध्ये रोलेक्सने ही नवी ओपी आणली तेव्हा पिरोजी, कोरल, पिवळा, गुलाबी असे भडक लॅकर (चकचकीत वार्निश) रंग एकदम आले. गुलाबी ४१ मध्ये नव्हताच, ३६ पर्यंतच. मागणी तेव्हाही होती, पण वेड म्हणावं असं काही नव्हतं. मग डिसेंबर २०२१ मध्ये पाटेक फिलिपने टिफनी या दागिन्यांच्या कंपनीबरोबरच्या १७० वर्षांच्या नात्याचं निमित्त काढून नॉटिलस ५७११ टिफनीच्या निळ्यात काढलं. फक्त १७० नग. पहिला नग न्यूयॉर्कला फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या मनगटावरच्या घड्याळाला लोक 'टिफनी' म्हणायला लागले. त्या डायलचा टिफनीशी काडीचा संबंध नाही! वर्षभर आधीपासून ती रोलेक्सच्या यादीत होती. पण भाव मात्र त्या लिलावामागोमाग उडाले. तेव्हा तुम्ही यादीच्या वर जे पैसे मोजणार आहात त्यातले बरेचसे दुसऱ्याच कंपनीच्या घड्याळाने चढवलेले आहेत, हे डोक्यात असू द्या.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. २०२० च्या त्या ओपी ४१ चा रेफरन्स नंबर (मॉडेलचा नंबर) सगळ्या रंगांना एकच, १२४३००. काळी असो, चंदेरी असो, पिरोजी असो, घड्याळावरचा नंबर तोच. म्हणजे साधी काळी घ्यायची, तिच्यात पिरोजी डायल बसवायची आणि विकायची, हा उद्योग नंबरावरून पकडता येत नाही. भाव चढल्यावर असल्या डायल बाजारात सुटीसुट्या फिरत होत्या. काही अस्सल, काही बाहेर रंगवलेल्या. बॉक्स-कार्ड आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मूळ खरेदीचं बिल मागा, रंग लिहिलेलं. ते नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवून मगच पैसे द्या.

घालायला कशी? हा रंग सपाट आहे. सनबर्स्ट (मधून किरण फुटल्यासारख्या) डायलसारखा उजेडाबरोबर फिरत नाही. सकाळी, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, सारखाच. पहिल्यांदा तेच आवडलं होतं. आता मला तो जरा एकसुरी वाटतो, पण हे माझं झालं. विकायला काढलेली नाही, विचारू नका. :)

---

भिंगवाला:

आलो. निळी शाई यांनी निम्मं काम केलं आहे.

तुमचा पहिला प्रश्न 'खरं दुर्मिळ कोणतं' हा, आणि लोकांचा सगळा गोंधळ इथेच होतो. दुर्मिळ असणं आणि हवंहवंसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या रंगासाठी दुकानाबाहेर याद्या लागतात, तो कंपनी बनवत राहते आणि घेणारा जपून ठेवतो, प्लॅस्टिकसुद्धा काढत नाही. दुर्मिळ होतो तो त्या काळात कुणाला नको असलेला. १९७० च्या दशकातल्या रोलेक्स डे-डेटच्या स्टेला डायल घ्या: गडद तांबड्या, पिरोजी, हिरव्या, चकचकीत लॅकरच्या. सोन्याच्या घड्याळात असला रंग तेव्हा बहुतेकांना थिल्लर वाटायचा. रोलेक्सच्याच डेटोनाच्या ज्या डायलला आज पॉल न्यूमन या नटाच्या नावाने ओळखतात, ती सिंगर कंपनीने बनवलेली, छोट्या गोलांत चौकोनी टोकांच्या खुणा असलेली. तीही दुकानांत पडून असायची. खुद्द न्यूमनचं घड्याळ २०१७ मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, ते नावामुळे. पण त्या जातीच्या बाकीच्या डायलना भाव आहे तो त्या काळी थोड्या बनल्या आणि थोड्याच उरल्या म्हणून. याच हिशेबाने ओपीमधल्या कोरल आणि पिवळ्याकडे मी पिरोजीपेक्षा जास्त लक्ष ठेवीन. ते दोन्ही रंग ४१ मधून २०२२ ला बंद झाले. पण त्यांनाही दुर्मिळ म्हणायला अजून बराच अवकाश आहे.

आता तपकिरीकडे.

गिल्ट डायल कशी बनते ते आधी बघा, निम्मी ओळख तिथेच पटते. पितळेची चकती, तिच्यावर अक्षरं आणि मिनिटांच्या रेघा झाकून ठेवायच्या, बाकी पृष्ठभागावर विजेच्या प्रक्रियेने काळा थर चढवायचा, मग झाकण काढायचं आणि वरून पारदर्शक लॅकर द्यायचं. म्हणजे सोनेरी दिसणारी अक्षरं छापलेली नाहीतच, ती खालची धातू उघडी राहिलेली आहे. दहापट भिंगाखाली डायल तिरपी धरली की अक्षर काळ्या थराच्या खाली बसलेलं दिसतं, कड स्वच्छ आणि वर लॅकर अखंड. पुन्हा रंगवलेल्या डायलमध्ये सोनेरी शाईने वरून छापतात. ते अक्षर वर उठून येतं, कडेला किंचित फुगलेलं असतं, आणि 'ऑइस्टर'मधला ओ कुठेतरी जाड होतो. एक अपवाद लक्षात ठेवा: त्या काळच्या काही डायलवर पाण्यात किती खोल चालेल ते सांगणारी ओळ चंदेरी असून ती खरोखर वरून छापलेली असते. तेवढ्यावरून खोटी ठरवू नका.

तपकिरी का होते? त्या काळी तो काळा थर आणि वरचं लॅकर आजच्याइतकं टिकाऊ नव्हतं. ऊन, दमट हवा, उष्णता यांनी काळेपणा उतरत जातो, जुन्या छत्रीच्या कापडाचा उतरतो तसा. एकाच वर्षातल्या दोन डायलमध्ये एक कोळशासारखी राहते, दुसरी चॉकलेटी होते, कारण घाणा वेगळा आणि घालणारा वेगळा. आणि खरा ट्रॉपिकल रंग सहसा उन्हातच उघड होतो. घरात साध्या उजेडात डायल काळपटच दिसते, खिडकीशी नेली की तपकिरी पेटते. म्हणूनच पिवळ्या दिव्याखालचे फोटो मी मोजतच नाही. त्या दिव्याखाली माझी जुनी काळी ट्रंकही तपकिरी दिसेल.

खोटा तपकिरी आणतात तो भट्टीत भाजून किंवा अतिनील दिव्याखाली ठेवून. त्यात रंग बदलतो, पण बाकीच्या गोष्टी जुळत नाहीत. अंधारात चमकणारे रेडियम-ट्रिटियमचे ठिपके करपल्यासारखे होतात, लॅकरला बारीक फोड येतात आणि रंग कडेपर्यंत एकजात असतो. हा शेवटचा मुद्दा घट्ट धरा. डायलची अगदी बाहेरची कड केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) आतल्या कडेखाली दबलेली असते, तिथे इतकी वर्षं उजेड गेलेलाच नसतो. खऱ्या डायलमध्ये ती किनार बहुतेक वेळा काळी किंवा निदान गडद राहिलेली सापडते. काचेतून ती दिसत नाही, त्यासाठी मशीन केसबाहेर काढावं लागतं. तेव्हा विक्रेता 'इतकी एकसारखी' म्हणतो तेव्हा तुम्ही खूश होता आणि मी सावध होतो.

त्याच्याकडून मागायचं ते असं. खिडकीशी, थेट उन्हात नको, डायलशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून व्हिडिओ. कागद पांढरा दिसतोय का ते आधी बघायचं, डायल नंतर. व्हिडिओत घड्याळ हळूहळू फिरवायला सांगा. मग अंधारात अतिनील टॉर्च: टॉर्च विझवल्यावर ठिपके आणि काटे किती वेळ चमकतात? ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे १९६५ च्या डायलमध्ये चमकायला काही शिल्लक नाही. टॉर्चखाली उजळेल, विझवली की लगेच मावळेल. मिनिटभर हिरवं चमकत राहिलं तर ते नंतर भरलेलं. आणि सहाच्या खाली काय छापलंय तेही बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडियम जाऊन ट्रिटियम आलं, म्हणून १९६५ च्या डायलवर ट्रिटियमची टी ही खूण हवी. नुसतं 'स्विस' असेल तर डायल घड्याळापेक्षा जुनी, किंवा विक्रेत्याने सांगितलेलं साल चुकीचं. तिसरी शक्यता, सरळ बनवाबनवीची, तीही असते, पण तिच्याबद्दल काटेकोर जास्त मायेने बोलतात.

---

काटेकोर:

माया वगैरे काही नाही. ट्रॉपिकल म्हणजे बिघाड. कारखान्याला काळी हवी होती, काळी टिकली नाही. लोकांनी बिघाडाला गोंडस नाव दिलं आणि भाव तिप्पट केला, आणि भाव तिप्पट झाला की कुणीतरी तो बिघाड घरी बनवायला घेतो. एवढंच.

ज्यांना वाटतं की मोठ्या लिलावघरातून घेतलं की काळजी मिटली, त्यांच्यासाठी: नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचं ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ गेलं. तपकिरी डायल हेच त्याचं आकर्षण. किंमत ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर, स्पीडमास्टरसाठी तेव्हा विक्रम. घेणारं कोण, तर ओमेगाचं स्वतःचं संग्रहालय. आणि २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीचेच माजी कर्मचारी गुंतलेले होते. ज्यांनी मूळ घड्याळ बनवलं तेच फसले. तुम्ही-आम्ही काय घेऊन बसलात.

मी असतो तर दोन्ही सोडून एनॅमल घेतलं असतं. काचेची पूड आठशे अंशांच्या आसपास भाजलेली, रंग हलत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या खिशातल्या घड्याळांच्या डायल आजही पांढऱ्याशुभ्र आहेत. आपटली तर तडा जातो, पण रंगाची कटकट नाही.

---

निळी_शाई:

काटेकोर, त्यांना *रंग* बदलणारं हवंय म्हणून तर प्रश्न आहे, आणि तुम्ही न बदलणारं सुचवताय. :)

आणि बिघाड म्हणून सगळंच निकालात काढता येत नाही. डेटोना १६५२० मधल्या ९० च्या दशकातल्या काही काळ्या डायलवर छोट्या गोलांच्या चंदेरी कडा तपकिरी झाल्या, ज्यांना ओस्वाल्डो पॅट्रिझी या लिलावकर्त्याच्या नावावरून पॅट्रिझी म्हणतात. तीही लॅकरचीच चूक. पण दोन घड्याळांतला रंग कधीच सारखा नसतो. माझ्या पिरोजीसारख्या कितीतरी हजार असतील, एकमेकींपासून ओळखूही येणार नाहीत. हे मला कधीकधी खटकतं.

---

काटेकोर:

खटकतंय तर विका. मी घेतो, यादीच्या किमतीत.

---

रंगारी_मनगट:

भिंगवाले काका, दंडवत. तुमची यादी विक्रेत्याला जशीच्या तशी पाठवली. दोन दिवस शांतता, मग सगळं आलं.

खिडकीशी व्हिडिओ: कागद पांढरा आहे. सावलीत डायल जवळजवळ काळी, उजेडाकडे फिरवली की तपकिरी, तीन आणि चारच्या मधे जास्त, वर बाराजवळ कमी. म्हणजे त्याचं 'एकसारखी' खरं नाही, आणि तुमच्या हिशेबाने हे बरंच झालं म्हणायचं. अक्षरं जवळून टिपलेला फोटोही आहे, सोनेरी भाग खाली बसल्यासारखा वाटतोय, पण माझी नजर कच्ची. सहाखाली टी आहे.

आता अडचण. टॉर्च विझवल्यावर डायलवरचे ठिपके लगेच विझतात, पण काटे चांगले हिरवे चमकत राहतात. आणि दिवसाउजेडी काट्यातला रंग ठिपक्यांपेक्षा पांढरट आहे. विचारलं तर म्हणाला, 'काटे ओरिजिनलच आहेत, कमी वापरलेले.' काट्यांचा वापर कमी कसा होतो ते मला कळलं नाही. सोडून देऊ का?

---

भिंगवाला:

काटे कमी वापरलेले! हे वाक्य मी कारागिरांना सांगणार आहे.

सोडू नका. काटे बदललेले आहेत किंवा त्यांत नवा चमकणारा मसाला भरलाय, एवढंच यातून ठरतं. पन्नास-साठ वर्षांत घड्याळ सर्व्हिसला गेलं असणार. सर्व्हिसचं काम घड्याळ नव्यासारखं करणं, त्यामुळे जुने काटे काढून नवे घालणं ही तिथली नेहमीचीच गोष्ट होती. माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच सुंदर तपकिरी झालेली डायल एका सर्व्हिस सेंटरकडे दिली आणि कोरी काळी डायल बसवून परत घेतली. जुनी मागितली तर ती नष्ट केल्याचं उत्तर. तुमच्या विक्रेत्याच्या घड्याळात निदान डायल वाचली आहे. मूळ डायल आणि बदललेले काटे हे घड्याळ खरेदीजोगं आहे, पण सगळं मूळ असलेल्याच्या भावात नाही. त्या 'कमी वापरलेल्या' काट्यांचे पैसे त्याच्याकडून कापून घ्या.

डायलबद्दल तुम्ही लिहिलंय ते ऐकायला बरं वाटतं. एका बाजूला जास्त, वर कमी, सावलीत काळी: घरी भाजणाऱ्याला इतका संयम नसतो. पण निकाल किनार बघूनच. त्रयस्थ कारागिराकडे, तुमच्या समोर उघडायला सांगा. नाही म्हणाला तर मात्र खुशाल पिरोजी घ्या.

---

रंगारी_मनगट:

तयार झाला! भाव कमी करायला नाखूश आहे, पण उघडायला हरकत नाही म्हणतो. कारागीर मी निवडायचा. त्याला नेमकं काय सांगू? मी समोर बसणार आहे, पण तो काय करतोय हे मला कळणार नाही.

---

भिंगवाला:

पहिलं म्हणजे डायलच्या पुढच्या बाजूला काहीही लावायचं नाही. फुंकणीची हवा चालेल. फडकं नको, कापूस नको, ब्रश नको. जुन्या गिल्टवरचं लॅकर कधी कधी इतकं सुटलेलं असतं की कोरड्या कापडाने अक्षरासकट उचललं जातं. सवयीने हात जातो, म्हणून आधीच बोलून ठेवा.

मशीन बाहेर आलं की आधी कड. बाहेरची बारीक किनार आतल्या भागापेक्षा गडद आहे का? फोटो काढा, पांढरा कागद जवळ ठेवून.

मग काटे काढायचे आणि डायल उलटी करायची. मागे दोन बारीक पाय असतात, डायल मशीनला धरून ठेवणारे. ते जागेवर हवेत आणि मूळ सांध्याचे हवेत. पाय कापून डायल चिकटपट्टीने बसवली असेल तर ती या घड्याळाची नव्हे, दुसऱ्या मशीनवरून आणून बसवलेली. मागची पितळ नैसर्गिक काळवंडलेली असते. तिथे ताजा काळा रंग किंवा फवाऱ्याचे शिंतोडे दिसले तर उठून घरी या.

केसवर, पट्टा अडकतो त्या कानांच्या मधला नंबर बघा, सहाच्या बाजूला, पट्टा काढल्यावर दिसतो. १९६५ च्या आसपासचा निघाला तर टी शी जुळतो. केसला पॉलिश मारू का असं कारागीर विचारेल, नाही म्हणा. काचेवर ओरखडे असतील तर काच मात्र खुशाल बदला, ती अॅक्रिलिकची, बदलायचीच वस्तू आहे.

घेतलं तर बंद करताना गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) नवी घालून घ्या. आणि पुढे कधीही सर्व्हिसला द्याल तेव्हा फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: डायल, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी) बदलू नयेत, साफ करू नयेत, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. तोंडी सांगू नका. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली तरी आतल्या टेबलापर्यंत फक्त कागद पोचतो.

---

काटेकोर:

आणि ते घालून पोहायला जाऊ नका. सबमरिनर असली तरी.

---

रंगारी_मनगट:

नाही जात. शनिवारी उघडायचं ठरलंय. किनारीचा फोटो इथेच टाकतो, काळी निघो नाहीतर चॉकलेटी.